संथ नदीवरची दिवसभराची राफ्ट: वेग माणसाच्या चालीचा, तरी झाडाला भिडलो

ओलाचिंब

परवा आमची राफ्ट पडलेल्या झाडाला जाऊन भिडली. वेग किती असेल? माणूस रमतगमत चालतो त्याहून थोडा जास्त. मिनिटभराहून जास्त वेळ ते झाड आमच्या डोळ्यांसमोर होतं, आणि आम्ही सहाच्या सहा शहाणे "केवढं मोठं आहे ना!" म्हणत त्याच्याकडे बघत बसलो होतो.

आधी बेत सांगतो. खवळलेलं पाणी, हवेत उडणारं राफ्टचं नाक, किंचाळ्या, असलं काही आम्हाला नकोच होतं. सकाळी पाण्यात उतरायचं, नदी नेईल तसं जायचं, वाटेत एखाद्या पुळणीवर पाय पसरायचे आणि ऊन कलायच्या आत बाहेर पडायचं. एकूण १६ किमी. पट्टा पहिल्या श्रेणीचा (म्हणजे सगळ्यात संथ, श्रेणी वाढते तसं पाणी खवळतं), मध्ये दोन ठिकाणी दुसऱ्या श्रेणीचे खळाळ. गाईड घेतला नव्हता. आमच्यातल्या दोघांना थोडाफार अनुभव होता आणि तेवढ्यावर आमचं विमान आकाशात होतं.

पहिले दोन तास काय होते ते शब्दांत धरणं अवघड आहे. नदीच्याच वेगानं वाहत असलं की पाणी वाहतंय हेच कळत नाही. आपण जागेवर आणि काठ सरकतोय. कातळाची भिंत आली की आवाज बदलतो, आपलंच बोलणं जरा उशिरा परत ऐकू येतं. डोहात पाणी इतकं गप्प की वल्ह्यावरून ओघळणारे थेंब मोजता यावेत. मग पुढं कुठंतरी खळखळ सुरू होते, राफ्टच्या पोटाला खालून गुदगुल्या झाल्यासारख्या होतात, आणि शे-दीडशे मीटरनं पुन्हा सगळं शांत.

झाड होतं वळणाच्या बाहेरच्या अंगाला. मुळासकट काठावरून कोसळलेलं, फांद्या अर्ध्या पाण्यात. दिसलं तेव्हा शंभरेक मीटर दूर असेल. "जवळ गेलो की बघू" असं कोणीतरी म्हणालं (मीच). जवळ गेल्यावर एकानं डावीकडे मारलं, दुसऱ्यानं उजवीकडे, आणि राफ्ट आडवी होऊन फांद्यांवर टेकली. घाबरून सगळे झाडापासून लांब, म्हणजे वरच्या अंगाच्या (जिकडून पाणी येतं तिकडच्या) हवा भरलेल्या ट्यूबवर सरकले. ती ट्यूब दबली आणि पाणी आत. नशीब की आम्ही झाडाच्या शेंड्याकडे होतो. राफ्ट गर्रकन फिरली आणि खरवडत सुटली. एक वल्हं आणि एक टोपी गेली. माणसं सगळी आतच राहिली.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. खवळलेल्या पाण्यावर माणूस आपोआप सावध असतो. संथ पाण्यावर सगळं हळू होतं म्हणून वाटतं की ठरवायलाही भरपूर वेळ आहे. पण राफ्टला ब्रेक नसतो. हळू जाणारी गोष्ट थांबवता येतेच असं नाही.

तुमचे असे निवांत दिवस कसे गेले, लिहा. कुठं चुकलात तेही लिहा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

पाणकोळी

पहिला प्रतिसाद माझा! वर्णन आवडलं. सविस्तर नंतर लिहिते, जागा राखून ठेवतेय.

खळखळाट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सहा तास नदीवर बसून काठ बघायचा तर काठावरच बसावं की. राफ्टिंगची मजा तिसऱ्या श्रेणीपासून सुरू होते. पहिली श्रेणी म्हणजे पाण्यावरची बाकडी. (हलके घ्या.)

गणोबा

@ओलाचिंब, आकडे मांडून बघितले. चालीहून थोडा जास्त वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३ मीटर धरू. शंभर मीटर अंतर म्हणजे ७७ सेकंद. नवशिकी सहा माणसं भरलेली राफ्ट प्रवाहाला आडवी नेताना सेकंदाला अर्धा मीटर सरकली तरी खूप. दिसल्याबरोबर सुरुवात केली असती तर ३८ मीटर बाजूला गेला असतात, म्हणजे बहुतेक नदीच ओलांडली असती. तुम्ही पन्नास सेकंद झाडाचं कौतुक केलंत असं धरलं तर उरले २७ सेकंद, म्हणजे १३ मीटर. त्यातही दोघं विरुद्ध दिशेनं मारत होते.

आता फांद्यांवर राफ्ट का चिकटली ते. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी अडवलं की दर चौरस मीटरला साधारण ५० किलो वजनाइतका जोर बसतो. वेग २ मीटर झाला की तोच जोर २०० किलो. वेग दुप्पट, जोर चौपट. चालीच्या वेगाचं पाणी "फार काही नाही" वाटतं, कारण आपण त्याच्याबरोबर जात असतो. आपण थांबलो की ते आपल्याला कळतं.

तिरकी वल्ही

मी काही वर्षं नदीवर गाईड होते, म्हणून जरा मोठा प्रतिसाद. खरडपट्टी नाही, पण तुम्ही एका दमात तीन चुका केल्यात आणि तिन्ही नेहमीच्याच आहेत.

पडलेल्या झाडाला आम्ही 'स्ट्रेनर' म्हणतो. साध्या मराठीत चाळणी. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस आणि राफ्ट जात नाहीत. खडकाचं तसं नसतं. खडकावर आपटून पाणी बाजूला वळतं, त्याची उशी तयार होते आणि ती तुम्हाला थोडं बाजूला ढकलते. झाड ढकलत नाही, ओढून घेतं. म्हणून संथ नदीवर मला खडकापेक्षा झाडाची भीती जास्त. झाडं सापडतात वळणाच्या बाहेरच्याच काठाला, कारण तिथंच पाणी काठ खाली पोखरत असतं, आणि मुख्य धारही नेमकी तिकडेच जाते. तुम्ही काहीच केलं नाहीत तर नदी तुम्हाला बरोब्बर झाडापाशी नेऊन सोडते.

म्हणून वळण दिसलं की धार धरायची ती आतल्या अंगाची. वळणात शिरल्यावर नव्हे, आधीच. आत गाळ साठून उथळ झालेलं असतं, फार तर राफ्ट रुतेल. रुतलेली राफ्ट खाली उतरून ढकलता येते.

दुसरी चूक, सगळे लांब सरकलात. राफ्ट खडकाला किंवा झाडाला आडवी लागली की अडथळ्याकडे झुकायचं. मनाला पटत नाही, पण वरच्या अंगाची ट्यूब हलकी राहिली पाहिजे, नाहीतर पाणी तिच्यावर चढून राफ्ट भिंतीसारखी उभी करतं. आम्ही हे कोरड्या जमिनीवर पाच-सहा वेळा करून घ्यायचो. "खडकाकडे!" अशी हाक दिली की विचार न करता त्या बाजूला उडी. लोक हसायचे. हसू देत.

तिसरी, हुकूम कोणाचा हे ठरलेलं नव्हतं. सहा जणांत आवाज एकाचाच हवा. तो चुकला तरी चालेल. सहा जणांनी मिळून चुकीच्या दिशेला मारलं तरी राफ्ट कुठंतरी जाते. तीन इकडे, तीन तिकडे मारलं की ती फक्त गोल फिरते.

भित्रीभागू

तिरकीताई, तुमचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. 😟 आम्ही पुढच्या महिन्यात आठ जण अशाच एका दिवसाच्या ट्रिपला जाणार आहोत आणि मला पोहता येत नाही. गाईड असेल. पट्टा पहिल्या श्रेणीचाच आहे असं सांगितलंय. जाऊ की नको?

तिरकी वल्ही

@भित्रीभागू, जा. पण काही गोष्टी आधी विचारून घ्या.

लाईफ जॅकेटवर उचलशक्ती न्यूटनमध्ये छापलेली असते. ५० न्यूटनचं असतं ते पोहता येणाऱ्यांसाठी, तरंगायला मदत म्हणून. न पोहणाऱ्यानं १०० न्यूटनचं मागावं. ते चढवलं की खांद्यांना धरून कोणालातरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पट्टे आवळा. आणि ते दिवसभर अंगावर. डोह आला, ऊन लागलं, फोटो काढायचाय, कशासाठीही काढायचं नाही.

पाण्यात पडलातच तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. माणसं बुडतात ती खोल पाण्यातच असं नाही. मांडीभर पाण्यात उभं राहायला जातात, पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि मागून पाणी त्यांना पुढं आडवं करतं. गुडघ्याच्या खाली पाणी आलं की मगच उठा.

याला एकच अपवाद. समोर झाड असेल आणि चुकवणं शक्य नसेल तर पालथं व्हायचं, डोकं पुढं करून जोरात पोहत जायचं आणि फांदीवर पोट टेकवून वर चढायचं. पाय पुढं ठेवून गेलात तर फांद्यांखाली ओढल्या जाल. गाईड हे सगळं सुरुवातीला सांगेल. सांगितलं नाही तर विचारा, आणि विचारूनही टाळाटाळ केली तर त्या राफ्टमध्ये बसू नका.

ओलाचिंब

जॅकेटचं लिहिलंत ते बरं झालं. आमच्यातल्या दोघांनी डोहात काढून बुडाखाली घेतली होती, गादी म्हणून. झाड आलं तेव्हा एकजण जॅकेटवर बसलेलाच होता.

खळखळाट

बरं, मान्य. बाकडी बुडू शकते. पण गणोबा, एक सांगा. पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूला का जातं? मोटार वळताना आपण बाहेर फेकले जातो तसंच ना?

गणोबा

अर्धं तसंच. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे रेटलं जातं आणि तिथं पातळी किंचित चढते. पण तळाशी असलेलं पाणी घर्षणामुळे हळू असतं, त्याला बाहेर फेकणारा रेटा कमी पडतो. मग वरचं वेगवान पाणी बाहेर जातं, काठाशी खाली दबतं आणि तळानं आतल्या बाजूला परत येतं. म्हणजे पाणी नुसतं पुढं जात नाही, पीळ घालत जातं. वरून जाताना बाहेरचा काठ खातं, तळानं येताना गाळ आत आणून टाकतं. तिरकीताईंचं झाड बाहेर का पडतं आणि पुळण आत का असते, दोन्हीचं उत्तर हेच.

कपातला चहा ढवळून चमचा काढला की चहाची पत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते, तेही याच कारणानं. हा चहा-पत्तीचा दाखला देऊन नद्या नागमोडी का होतात यावर १९२६ साली एक छोटा लेख लिहिला होता आल्बर्ट आईन्स्टाईन यांनी. सापेक्षतावाल्यांनीच.

अवांतर: डोह आणि खळाळ यांचीही एक लय असते. खडी-गोट्यांच्या तळाच्या नदीत एका खळाळापासून पुढचा खळाळ साधारण पात्राच्या रुंदीच्या ५ ते ७ पट अंतरावर येतो. पात्र ३० मीटर रुंद असेल तर दर १५० ते २०० मीटरवर. ओलाचिंब यांनी "शे-दीडशे मीटरनं शांत" लिहिलंय ते वाचून मला फार आनंद झाला.

काठावरचा

चहा-पत्तीचं आत्ताच करून बघितलं. खरंच मधे येते! दोनदा केलं. आता थंड चहा प्यावा लागणार.

जुनं वल्हं

फार दिवसांनी वाचावासा धागा. माझं वय ७१. राफ्टवर अजून जातो, पण हल्ली वल्हं कमी आणि तोंड जास्त चालवतो.

खळखळाट यांच्या "बाकडी"वर दोन शब्द. नदीवर निवांत वाहत जाणं ही मौज नवीन, पण तराफे मात्र पोटासाठी वाहायचे. युरोपात डोंगरातली लाकडं ओंडके बांधून नदीतूनच खाली आणत, आणि ते ओंडकेच तराफा असत. माल तोच, वाहनही तेच. ऑस्ट्रिया, चेकिया, जर्मनी, लॅटव्हिया, पोलंड आणि स्पेन या सहा देशांनी मिळून ही विद्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०२२ साली नोंदवली. जमैकात रिओ ग्रांदे नदीवर बांबूचे तराफे केळी वाहून किनाऱ्याला आणत. हॉलिवूडचा नट एरॉल फ्लिन तिथं राहायला गेला आणि त्यानं तो प्रवास हौसेचा करून टाकला. केळ्यांच्या जागी पाहुणे आले, तराफा तोच.

पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेवर दुनायेत्स नदीची घळ आहे. तिथले नावाडी लाकडाच्या अरुंद होड्या शेजारी शेजारी दोरानं बांधून तराफा करतात आणि लांब काठीनं रेटत नेतात. सुमारे १८ किमीचा पट्टा, दोन-सव्वादोन तास लागतात. नदी इतकी वळते की समोर दिसणारा डोंगर कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे, आणि आपण पुढं चाललोय की मागं याचा पत्ता लागत नाही. त्या काठीवाल्यांना कधी घाईनं रेटताना बघणार नाही तुम्ही. एक हलकासा टेकू, तोही वळणाच्या बराच आधी.

तिरकी वल्ही

काका, शेवटचं वाक्य नवीन गाईडच्या हेल्मेटवर लिहून द्यायला हवं.

तुमच्या आधीच्या पिढ्यांची एक गंमत मीही सांगते. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकी शोधक कोलोरॅडो नदीनं ग्रँड कॅन्यन या खोल घळीतून गेला. दहा माणसं, चार होड्या. निम्म्या होड्या घेऊन सहाच माणसं पलीकडे पोचली. त्या होड्या वल्हवायची रीत तळ्यातली होती, म्हणजे वल्हवणाऱ्याची पाठ पुढं आणि तोंड मागं. जोर छान लागतो, पण समोर काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही. १८९० च्या दशकात नॅथॅनियल गॅलोवे नावाच्या, सापळे लावणाऱ्या एका शिकाऱ्यानं होडी उलटी फिरवली. तोंड प्रवाहाकडे केलं आणि वल्ही पुढं जायला न वापरता मागं खेचायला वापरली. नदी पुढं नेतेच आहे, आपण फक्त वेग तोडायचा आणि तिरकं सरकायचं.

संथ नदीवर हीच रीत सगळ्यात कामाची. अडथळा दिसला की त्याच्यापासून पळायला पुढं मारू नका. राफ्टचं ढुंगण जिकडे जायचंय त्या काठाकडे तिरकं करा, साधारण ४५ अंशांत, आणि मागं मारा. वेग कमी होतो, त्यामुळे वेळ वाढतो, आणि राफ्ट आपोआप त्या काठाकडे सरकते. माझं इथलं नाव त्यावरूनच.

ओलाचिंब

हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! आम्ही सगळा वेळ पुढंच मारत होतो. म्हणजे झाडाकडे जास्त वेगानं गेलो.

पाणकोळी

राखलेली जागा वापरते. 🙂

तुम्ही सगळे झाडा-खडकात अडकलात म्हणून दुसरी बाजू. न वल्हवता वाहत जाणाऱ्या राफ्टला पक्षी फारसे घाबरत नाहीत. चालत गेलं की पन्नास पावलांवरून उडणारा बगळा राफ्टवरून पंधरा-वीस हातांवर निवांत उभा दिसतो. वल्हं हललं की मात्र उडतो. खंड्याचं तर ठरलेलं असतं. तो पुढच्या फांदीवर जाऊन बसतो, आपण तिथं पोचलो की पुन्हा पुढं. असं चार-पाचदा झालं की एकदम वळसा घेऊन आपल्या डोक्यावरून मागं, कारण त्याची हद्द संपलेली असते. नदीवरच्या या हद्दी डोळ्यांनी मोजता येतात, ते मला राफ्टवरच कळलं.

एक विनंती. उभ्या मातीच्या कडेला ओळीनं भोकं दिसली तर तिथं राफ्ट लावू नका. खंड्या किंवा पाकोळ्यांची घरटी असू शकतात. पुळणीवर उतरतानाही पायाखाली बघा. टिटवीसारखे पक्षी उघड्यावर अंडी घालतात आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. पक्षी कोकलत डोक्यावर घिरट्या घालायला लागला तर तो स्वागत करत नाहीये, दुसरीकडे जा.

आणि स्पीकर नको. पाण्यावर आवाज फार लांब जातो.

खळखळाट

स्पीकरवर पूर्ण सहमत. एकदा एका शांत डोहात मागच्या राफ्टमधून कोणाच्या तरी लग्नाची ध्वनिफीत दीड तास ऐकली. नवऱ्याच्या मामाचं भाषण पाठ झालंय.

भित्रीभागू

थंडीचं काय? ट्रिप सकाळी लवकर आहे. ऊन असतं, पण पाणी डोंगरातून येतं म्हणे.

तिरकी वल्ही

कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घाला. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगानं नेतं. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर पहिल्या मिनिटात दम लागतो, श्वास आवरत नाही, आणि नाकातोंडात पाणी जायचा धोका नेमका तेव्हाच असतो. जॅकेट तेवढं एक मिनिट निभावून नेतं. सुती कपडे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. कोरडे कपडे जलरोधक पिशवीत राफ्टलाच बांधून ठेवा. पायात मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला, स्लीपर पहिल्याच खळाळात जाते. चष्म्याला दोरी.

गणोबा

थंड पाण्याचा राफ्टवरही परिणाम होतो, ते राहून गेलं. ट्यूबमध्ये दाब असतो साधारण अडीच पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). सकाळी काठावर २७ अंशांत हवा भरली आणि १२ अंशांच्या पाण्यात उतरवली तर दाब दीडच्या आसपास येतो, राफ्ट मऊ पडते. भोक पडलंय असं वाटून लोक घाबरतात. पाण्यात पाचेक मिनिटं ठेवून पुन्हा पंप मारायचा. उलट दुपारी पुळणीवर उन्हात ओढून ठेवली आणि आतली हवा ५७ अंशांपर्यंत तापली तर दाब चारच्या वर जातो. शिवण उसवते ती तेव्हा. थांबताना राफ्ट अर्धी पाण्यात ठेवावी किंवा थोडी हवा सोडावी.

काठावरचा

मी कधीच राफ्टवर बसलेलो नाही (नाव वाचा), तरी प्रश्न. खळाळ जवळ आल्यावर कुठून जायचं हे वरून कसं ओळखतात? सगळं पाणी सारखंच दिसतं.

जुनं वल्हं

सारखं दिसत नाही हो, डोळे बसायला वेळ लागतो. पाण्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षर शोधा. टोक खालच्या अंगाला, म्हणजे आपल्यापासून लांब असेल तर दोन खडकांमधली ती खोल धार, तिथून जायचं. टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकाशी खडक आहे, पाण्याखाली दडलेला असला तरी. गुळगुळीत फुगवटा दिसला आणि त्याच्या मागं फेस असेल तर तिथंही खडकच.

आणि पाणी पुढं एकाएकी संपल्यासारखं दिसलं, आडवी सरळ रेघ आणि तिच्या पलीकडे फक्त झाडांचे शेंडे, तर कसलाही विचार न करता काठ धरायचा. उतरायचं, चालत जाऊन बघायचं. बहुतेकदा दोन हातांचा उतार निघतो. पण तो माणसानं बांधलेला बंधारा असेल तर राफ्ट उचलून काठानंच न्यायची, कितीही बुटका दिसला तरी. बंधाऱ्याखाली पाणी सबंध रुंदीभर उलटं फिरतं, मधे कुठं फट नसते. त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढली जाते. ओंडके तासन् तास तिथंच गिरक्या घेताना बघितलेत मी.

तिरकी वल्ही

+१ बंधाऱ्याला. इथं वाद नको.

ओलाचिंब

@काका, आमच्या पट्ट्यात असा एक होता. नकाशावर आधी पाहून ठेवला होता, त्याच्या अलीकडेच उतरलो. एवढी एक गोष्ट बरोबर केली असं म्हणायचं.

भित्रीभागू

(महिन्याभरानं धागा वर काढतेय.)

जाऊन आले! वृत्तांत मागणाऱ्यांसाठी:

निवांत वगैरे काही नव्हतं. सकाळचे दोन तास स्वर्ग, आणि मग समोरून जो वारा सुटला तो सुटलाच. नदी खाली नेतेय, वारा वर ढकलतोय, राफ्ट मधल्यामध्ये उभी. डोहात तर आम्ही अक्षरशः मागं जात होतो. गाईडदादा म्हणाले की फुगवलेल्या राफ्टला वारा शिडासारखा लागतो, म्हणून सकाळी जास्तीत जास्त अंतर कापायला हवं होतं. ते आम्ही पुळणीवर लोळण्यात घालवलं. दंड अजून दुखतायत.

जॅकेट १०० न्यूटनचं मागितलं तर दादा चमकून बघायला लागले, मग आतून शोधून आणलं. "खडकाकडे!" चा सराव काठावर करून घ्यायला लावला, सगळे हसले. गरज पडली नाही.

पण एक झालं. दुसऱ्या खळाळाच्या आधी मी 'व्ही' शोधत बसले होते आणि मला टोक आपल्याकडे असलेला दिसला. मी ओरडले. दादांनी तो आधीच बघितला होता, राफ्ट वळायला लागलीसुद्धा होती. तरी ते म्हणाले, "ओरडत राहा, चुकलं तरी चालेल." मग मी उरलेला दिवसभर ओरडले. त्यातले निम्मे वाऱ्यानं उठलेले तरंग निघाले.

खंड्या सहा वेळा पुढं जाऊन मागं फिरला. पाणकोळीताई, मोजलं.

पाणकोळी

सहा! लांब हद्द होती म्हणजे. 😀

खळखळाट

वाऱ्याविरुद्ध तीन-चार तास? मग तुम्ही माझ्यापेक्षा जास्त राफ्टिंग केलंत. बाकडी शब्द मागे घेतो.

ओलाचिंब

मस्त वृत्तांत. आम्ही परत जातोय, त्याच पट्ट्यावर, सकाळी सहाला. हुकूम कोणाचा यावरून घरी भांडण सुरू आहे. तिरकीताई, एक विचारायचं राहिलं. राफ्ट घडी करून ठेवली होती, आता उघडली तर आतून वास येतोय आणि तळाच्या शिवणीवर काळे ठिपके आलेत. गेली का?

तिरकी वल्ही

ओली घडी केलीत ना? बुरशी आहे. सौम्य साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशनं घासा, सावलीत पूर्ण फुगवून वाळू द्या, तळ वर करून. मग पाणी मारून प्रत्येक शिवणीवर साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे येतायत का बघा. आले तर फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा.